क्लॅरिसला १०५ चा साज चढवू की सायकलच बदलू?

पेडलपंत (रविवार, रात्री १०:४०)

मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून शेवटी धागा काढतोय. आधी शोधून पाहिलं, पण सापडलेले सगळे धागे 'पहिली सायकल कोणती घेऊ'च्या पुढे जात नाहीत.

माझी रोड बाइक २०१८ ची. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानोचा क्लॅरिस ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा पूर्ण संच, १०५ हा त्यांचाच वरच्या पायरीचा), मागे ८ चकत्यांची ११-२८ कॅसेट (लहान चकतीला ११ दात, मोठीला २८), पुढे ५०/३४ दातांच्या दोन चकत्या. रिम ब्रेक, २५ चे टायर. तेव्हा ४२ हजारांना पडली. आजवर १९ हजार किलोमीटर झालेत. पुण्याच्या आसपासचा एकही घाट सोडलेला नाही.

या पावसाळ्यानंतर मात्र तिने मान टाकलीय. उजव्या शिफ्टरचा (हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरचा) खटकाच पडत नाही. लिव्हर नुसती आत जाते, हवेत हात हलवावा तशी. सात-आठ वेळा दाबली की एकदा पकडते. उभं राहून जोर लावला की चेन दातांवरून सटकते आणि मागचा ब्रेक लावला की खर्रर्र.

दुकानात नेली तर म्हणाले, "सर, शिफ्टर गेला. आता क्लॅरिसमध्ये पैसे घालू नका, पूर्ण ग्रुपसेट १०५ करून टाकू." चाकांसकट ५२ हजार. मी आवंढा गिळला तसं त्यांनी शेजारच्या सायकलवरचं कापड बाजूला केलं. १२-स्पीड १०५, हायड्रॉलिक डिस्क, १ लाख ६५ हजार. रंग असा की रात्री झोप नाही.

यंदा एसआर करायचं मनात आहे (२००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या राइड, एकाच मोसमात). ५२ घालू, १६५ घालू, की गप्प बसू?

चढउतार (रविवार, रात्री १०:५२)

नवीन घ्या. विषय संपला.

कोल्हापुरी_ठसका (रविवार, रात्री १०:५८)

४२ हजाराच्या सायकलीला ५२ हजाराचा ग्रुपसेट? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणत्यात ते हेच भावा.

साधा_सायकलवाला (रविवार, रात्री ११:०५)

आमचा दूधवाला मागे दोन्ही बाजूंना चरव्या लावून चाळीस लिटर घेऊन रोज येतो. एकच गिअर. त्याला कधी खटका न पडल्याची तक्रार करताना ऐकलं नाही. हलके घ्या.

पेडलपंत (रविवार, रात्री ११:११)

@साधा_सायकलवाला, त्याला दूध घालायला सिंहगडावर पाठवा, मग बोलू :)

नटबोल्ट (सोमवार, सकाळी ६:२०)

पंत, आधी एक रुपयाही खर्च करू नका. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

पहिलं शिफ्टरचं. तुम्ही सांगताय ती लक्षणं मेलेल्या शिफ्टरची नाहीत, गोठलेल्या ग्रीसची आहेत. शिमानोच्या लिव्हरच्या आत बारीक खटके असतात. कारखान्यात घातलेलं ग्रीस पाच-सात वर्षांनी मेणासारखं घट्ट होतं. मग तो खटका स्प्रिंगने परत जागेवर यायचा तो येत नाही, अर्ध्यात चिकटून बसतो. म्हणून लिव्हर नुसती आत जाते. उपाय म्हणजे रबराचं हूड मागून उलटं करायचं, लिव्हर दाबून धरायची आणि फटीतून नळीवाल्या डब्याने पातळ स्प्रे भरपूर मारायचा. पन्नास-साठ वेळा लिव्हर हलवायची, काळं पाणी गळेल ते पुसायचं, पुन्हा मारायचा. शेवटी पातळ तेलाचे थेंब सोडायला विसरू नका, नाहीतर आतलं सगळं कोरडं राहील. खाली वर्तमानपत्र अंथरा आणि पुढच्या रिमवर फडकं टाका. स्प्रे ब्रेकच्या रबरांवर गेला तर ब्रेकच लागणार नाही.

आत केबलही बघा. क्लॅरिसच्या या पिढीत केबल बारटेपखालून जाते आणि शिफ्टरच्या तोंडाशी काटकोनात वळते. तिथे तिची एकेक तार तुटते. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस घाटात खळ्ळकन तुटते आणि तुम्ही सगळ्यात जड चकतीवर अडकता.

दुसरं चेनचं. शाळेतली स्टीलची पट्टी घ्या, इंचवाली. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. नवीन चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. १२ आणि वर एक सोळांश इंच आली तर चेन बदलायची वेळ झाली. १२ आणि एक अष्टमांश आली तर तिने कॅसेटही खाल्लेली आहे, नुसती चेन बदलून भागणार नाही. १९ हजारांत किती चेन बदलल्यात?

तिसरं, आणि हे चेष्टेवारी नेऊ नका, मागचं रिम. ब्रेक जिथे घासतो तिथे आडवं बोट फिरवा. सपाट लागतं की वाटीसारखं आत गेलेलं? ब्रेकच्या पट्ट्यात बारीक खोबण किंवा टिंब कोरलेलं असेल तर ते अजून दिसतंय का? पुसून गेलं असेल तर रिम संपलं.

पेडलपंत (सोमवार, सकाळी ८:०२)

चेन एकदाच बदलली. २०२१ मध्ये. (मारू नका.)

नटबोल्ट (सोमवार, सकाळी ८:०५)

🙏

मुक्ता_घाटावरची (सोमवार, दुपारी १:३०)

नटबोल्ट यांना शंभर टक्के अनुमोदन, विशेषतः रिमबद्दल. पावसाळ्यात रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिमला कानशीसारखी घासते. बापदेव उतरताना आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या रिमची कडा उकलली होती. टायर बाहेर आला, ट्यूब फटाक्यासारखी फुटली. वेग कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावलं. त्याआधी दोन महिने तो फक्त म्हणत होता, "ब्रेक लावला की खर्र वाजतं रे."

आता पंत, तुम्हाला एक विचारते. गेल्या मोसमात तुम्ही ३०० ला होतात, निकालात नाव दिसलं नाही. सायकल बिघडली होती का?

पेडलपंत (सोमवार, दुपारी ३:१५)

पकडलंत. सायकल ठणठणीत होती. वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना उजवा गुडघा बोलायला लागला. शेवटचे तीन किलोमीटर चालत गेलो. परतीला गुडघा वाकेना, २४० वर सोडून दिलं. वेळ हातात होती हो, २० तासांतले पाच शिल्लक होते.

मुक्ता_घाटावरची (सोमवार, दुपारी ३:४०)

मग तुमचा प्रश्न १०५ चा नाहीच. तो ११-२८ चा आहे.

नटबोल्ट (सोमवार, संध्याकाळी ७:१०)

मुक्तातैंनी नेमकी नस पकडली. थोडं गणित मांडतो.

तुमच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४, मागे २८ असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. घाटात ताशी ७ किलोमीटरने चढत असाल तर मिनिटाला जेमतेम ४५ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर, जणू जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढताय. मागे ३४ दातांची चकती आली की एका फेऱ्यात २.१ मीटर, म्हणजे त्याच वेगाला ५५ फेरे. ताकद तितकीच लागते, पण ती लहान लहान घासांत विभागली जाते.

आता गंमत. दुकानातल्या त्या १ लाख ६५ हजारांच्या सायकलला पुढे काय आणि मागे काय आहे, ते बघून सांगा.

पेडलपंत (सोमवार, संध्याकाळी ७:३२)

पुढे ५०/३४, मागे ११-३४. म्हणजे... अरेच्चा.

नटबोल्ट (सोमवार, संध्याकाळी ७:३५)

हां. सगळ्यात हलका गिअर ३४ ला ३४. तोच गिअर तुमच्या आताच्या सायकलला ८-स्पीडच्या ११-३४ कॅसेटने मिळतो. फक्त मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो तो भाग) पिंजरा बघा. आखूड असेल तर २८ च्या पुढे जाणार नाही, लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागेल. डिरेलर, कॅसेट, चेन मिळून सहा हजारांच्या आत.

वरणभातलिंबू (सोमवार, रात्री ९:००)

आणि वजनाचं काय? नवीन सायकल दीड किलो तरी हलकी असेल.

खजिनदार (सोमवार, रात्री ९:२०)

पंतांचं वजन ८२ धरू (चूकभूल द्यावी घ्यावी). सायकल, पाण्याच्या बाटल्या, अवजारं मिळून ९६. त्यातून १.४ किलो गेले म्हणजे दीड टक्का. सिंहगडाला पायथ्यापासून वाहनतळापर्यंत ६५ मिनिटं लागत असतील तर वाचणार एक मिनिट. खर्च १ लाख ६५ हजार. मिनिटाचा भाव स्वतः काढा.

वरणभातलिंबू (सोमवार, रात्री ९:२४)

त्यापेक्षा गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरीसोबतची कांदाभजी सोडली तर?

कोल्हापुरी_ठसका (सोमवार, रात्री ९:२६)

मग गडावर जायाचंच कशाला?

चढउतार (सोमवार, रात्री १०:१०)

सगळे मिळून बिचाऱ्याला कंजूष बनवताय. उलट बाजू मांडतो.

मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. सायकल जुनी ८-स्पीड, म्हटलं हळूहळू वाढवू. आधी सोराचे (क्लॅरिसच्या वरच्या पायरीचे) शिफ्टर. मग वाटलं चाकं जड आहेत, ती घेतली. मग क्रँक. मग पुढचा डिरेलर जुळेना. दर दोन महिन्यांनी पाच-सात हजार, बायकोला कळेल न कळेल असे. शेवटी हिशोब केला तर ६१ हजार गेले होते आणि फ्रेम तीच, ब्रेक तेच, २५ च्या वर टायर बसत नाही तो नाहीच. मग वैतागून नवी डिस्कवाली घेतली. जुनी विकायला काढली तर भाव आला २२ हजार. सोराचे शिफ्टर आहेत म्हणून कोणी एक रुपया जास्त दिला नाही.

आणि डिस्क ब्रेक म्हणजे थिल्लरपणा नव्हे. पावसात ताम्हिणी उतरून बघा. रिम ब्रेकला आधी रिमवरचं पाणी पुसावं लागतं, मग तो लागतो. त्या दीड सेकंदात तुम्ही वळणाच्या पलीकडे गेलेले असता. शिवाय ३२ चे टायर बसतात. आपल्या रस्त्यांवर ते ६५ पीएसआयला चालवलेत की हातांना मुंग्या येत नाहीत. ४०० आणि ६०० ला ढोपरापेक्षा आधी तळहात आणि बूड जातं.

मुक्ता_घाटावरची (सोमवार, रात्री १०:३०)

हे मात्र खरं. मीही डिस्ककडे गेले ते वेगासाठी नाही, पावसातल्या उतारासाठी आणि जाड टायरसाठी. पश्चात्ताप नाही. पण ती वेगळी सायकल हवी म्हणून घेतली. जुनीला सजवून तशी करायला गेले नाही.

राइनकाठी (सोमवार, रात्री ११:४५)

इकडे जर्मनीत बरेच जण नोकरीच्या ठिकाणाहून सायकल भाडेपट्ट्याने घेतात. ३६ महिने पगारातून कापून जातं, शेवटी हवी तर विकत घ्यायची. त्यामुळे 'सुटे भाग बदलू की सायकल' हा प्रश्नच कुणाला पडत नाही, तीन वर्षांनी आपोआप नवी. माझ्या तळघरात मात्र पुण्याहून खोक्यात भरून आणलेली जुनी हायब्रिड आहे. सहकारी हसतात. हसू देत.

काका_बुधवारातले (मंगळवार, पहाटे ५:१०)

तुमचे हे दात आणि चकत्या वाचून करमणूक झाली. आमच्या वेळी पुण्यात सायकल म्हणजे रॅले नाहीतर हर्क्युलिस, आणि श्रीमंती म्हणजे डायनॅमो. हँडलला महापालिकेचा बिल्ला लागे. तो नसला, रात्री दिवा नसला, किंवा डबलसीट दिसलात की चौकात पोलीस अडवून चाकातली हवा सोडून देई. कॉलेजात असताना लक्ष्मी रोडवर दोनदा सोडली. दोन्ही वेळा मागे बसलेली व्यक्ती वेगळी होती, पैकी दुसरी सध्या स्वयंपाकघरात आहे.

ज्यांच्याकडे स्वतःची नव्हती ते तासावर भाड्याने घेत. त्या दुकानांत एक सायकल अशी असे की तिचा फक्त घंटीचा आवाज मूळचा उरला होता, बाकी मडगार्डापासून मुठीपर्यंत सगळं बदललेलं. गोधडीसारखं. ठिगळं लावता लावता मूळचं लुगडं कुठलं ते कळेनासं होतं, पण ऊब जात नाही.

साधा_सायकलवाला (मंगळवार, सकाळी ९:००)

काका, पहिली व्यक्ती कोण ते सांगा. १०५ चं नंतर बघू.

काका_बुधवारातले (मंगळवार, सकाळी ९:४०)

चष्मा सापडत नाही, नंतर लिहितो.

मुलुंडची_मैना (मंगळवार, दुपारी १२:१५)

थोडं अवांतर, पण माझाही असाच घोळ आहे. उंची पाच फूट एक इंच. दुकानदाराने 'चालून जाईल' म्हणून एक माप मोठी फ्रेम गळ्यात मारली. मान आणि खांदे भरून येतात. एकाने सांगितलं आखूड स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) लावा, दुसऱ्याने सांगितलं सीट पुढे सरकवा. मी काय बदलू?

मुक्ता_घाटावरची (मंगळवार, दुपारी १२:५०)

मैना, सीट पुढे सरकवून हँडल जवळ आणू नकोस, त्याने गुडघ्याचं गणित बिघडतं. १०० चा स्टेम असेल तर ८० चा लावून बघ, हजाराच्या आत येतो. तेवढ्याने भागलं तर ठीक. नाही भागलं तर विकून टाक. चकत्या, चाकं, ब्रेक सगळं बदलता येतं, फ्रेमचं माप बदलता येत नाही. पंतांना जे सांगतोय त्याच्या बरोब्बर उलट सल्ला आहे, पण तुझ्यासाठी तोच खरा.

खजिनदार (मंगळवार, दुपारी २:३०)

पंत, नवीन घ्यायचीच झाली तर एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दुकानदार जुन्या छापील किमतीवर 'खास तुमच्यासाठी सूट' म्हणत असेल तर ती सूट त्याची नाही, सरकारची आहे. बिल मागा.

सेकंडहँडचाही विचार करा. दोन-तीन वर्षं दिवाणखान्यात उभी राहिलेली ११-स्पीड १०५ अर्ध्या किमतीत मिळून जाते. लोक नवीन वर्षाचा संकल्प म्हणून घेतात आणि होळीपर्यंत तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात.

नटबोल्ट (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

सेकंडहँड कार्बन असेल तर फ्रेम उलटी करून बीबीच्या (पेडलचा आस फिरतो त्या बेअरिंगच्या) आजूबाजूला आणि फोर्कच्या मुळाशी केसासारखी रेघ आहे का ते दिवसाउजेडी बघा. रात्री बघायला जाऊ नका.

आणि पंतांच्या ५२ हजारांच्या कोटेशनचं राहिलंच. त्यांनी चाकं का धरली असतील सांगतो. ११-स्पीडच्या बहुतेक रोड कॅसेट ८-९-१० च्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसत नाहीत, ११ चा फ्रीहब, म्हणजे कॅसेट चढते तो भाग, १.८५ मिलिमीटरने रुंद असतो. म्हणजे ग्रुपसेट घेतला की बहुधा मागचं चाक आलंच. बरं, नवी १२-स्पीड १०५ डिस्क ब्रेकलाच येते, तुमच्या रिम ब्रेकच्या फ्रेमवर ती चढवता येत नाही. म्हणजे ते तुम्हाला ११-स्पीडचा उरलेला माल देणार. उद्या डिस्कवाली सायकल घेतलीत तर त्यातलं काय तिकडे नेता येईल? चाकं नाही. ब्रेक नाहीत. शिफ्टरही नाहीत, कारण ते हायड्रॉलिक नाहीत. ५२ हजार त्या फ्रेमबरोबर गेले.

अगदीच हौस असेल तर सोराचे ९-स्पीड शिफ्टर, ९ ची कॅसेट आणि चेन. तुमच्या ८ च्या हबवर बसतं आणि मागचा क्लॅरिस डिरेलर ९ ला चालतो, केबल ओढण्याचं माप एकच आहे. टियाग्रा ४७०० कडे (सोराच्या वरची पायरी) मात्र बघू नका, त्याचं माप वेगळं, मिसळता येत नाही.

कोल्हापुरी_ठसका (मंगळवार, संध्याकाळी ७:००)

आवरा राव. बारावीला एवढं गणित केलं असतं तर आज इंजिनिअर झालो असतो.

नटबोल्ट (मंगळवार, संध्याकाळी ७:०२)

मी वाणिज्य शाखेचा आहे.

पेडलपंत (बुधवार, रात्री ११:३०)

अहवाल देतो.

घरी आल्यावर बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. चोविसावी पिन १२ इंच आणि एक अष्टमांशाच्याही पुढे. पट्टी चुकीची असेल म्हणून दुसरी घेतली, तीही तेच बोलली. कॅसेटच्या मधल्या तीन चकत्यांचे दात बॅटरीच्या उजेडात बघितले, एका बाजूला झुकलेले, टोकदार, मांजराच्या नखांसारखे.

रिमवर बोट फिरवलं. वाटी. टिंब कुठेच नाही. मुक्तातै, त्या बापदेवच्या गोष्टीनंतर आजपर्यंत त्या सायकलवर बसलो नाही.

मग शिफ्टर. हूड उलटं केलं, नळी आत सरकवली, फुस्स. पहिली वीस-पंचवीस वेळा काही नाही. मग चहाच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी गळायला लागलं. बायको येऊन म्हणाली, "घासलेटचा वास कसला येतोय?" मी लिव्हर दाबतच होतो. साधारण चाळिसाव्या वेळी आतून 'टक्' आलं. इतकं छोटं, पण बायकोलाही ऐकू गेलं. मग टक्, टक्, टक्, सात वेळा. आठवा नाही कारण आठच चकत्या आहेत.

नवा शिफ्टर लागणार नाही. स्प्रेचा डबा ३५० रुपये.

केबल बाहेर काढली, शिफ्टरपाशी एकोणीस तारांपैकी पाच तुटलेल्या. पिंजरा आखूड आहे.

चढउतार (बुधवार, रात्री ११:३६)

त्या 'टक्'वर भुलू नका पंत. ती फसवी प्रेयसी आहे.

मुक्ता_घाटावरची (गुरुवार, सकाळी ७:००)

एकोणीस मोजल्यात का तारा? शाब्बास. आता मागचं हब बघा. बेअरिंग गुळगुळीत फिरत असेल तर चाक नवं घेऊ नका, त्याच हबवर नवं रिम आणि नवे आरे घालून घ्या. हाताने चाक बांधणारे मिस्त्री अजून आहेत, पेठांमध्ये विचारा. आउट काढण्यात त्यांचा हात यंत्रापेक्षा बरा असतो.

पेडलपंत (रविवार, संध्याकाळी ५:२०)

चाक बांधून आणलं. मिस्त्रींनी हब हातात धरून कानाशी फिरवलं आणि म्हणाले, "याला काही झालेलं नाही. अजून दहा वर्षं जाईल." ३२ आरे त्यांनी माझ्यासमोर एकेक करून ओवले. मधेच फोन आला तर फोन कानाला आणि हात चालूच.

हिशोब असा. रिम १८००, आरे आणि मजुरी १४५०, लांब पिंजऱ्याचा डिरेलर २६००, ११-३४ कॅसेट १६००, चेन १३००, केबल आणि आउटर ९००, ब्रेकची रबरं ७००. एकूण १० हजार ३५०. २८ चे टायर फ्रेममध्ये मागे बसतात का ते मिस्त्रींच्याच टायरने बघितलं, पेन्सिल जाईल एवढी फट राहते. ते पुढच्या पगारात.

आज सकाळी सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून ७१ मिनिटं, म्हणजे नेहमीपेक्षा सहा मिनिटं जास्त. पण बसून चढलो, एकदाही उभा राहिलो नाही. वर गेल्यावर सवयीने गुडघा चोळायला हात गेला आणि काही दुखतच नव्हतं. कांदाभजी खाल्ली.

नवीन सायकलचं डोक्यातून गेलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस २०२७ मध्ये आहे. १२०० किलोमीटर, ९० तास. यंदाची एसआर गुडघ्याने पार पाडली तर डिस्कवालीसाठी दर महिन्याला बाजूला काढायला लागेन. नाही पार पडली तर ते पैसे फिजिओला.

चढउतार (रविवार, संध्याकाळी ५:३१)

संक्रांतीपर्यंत घेता की नाही बघा. लिहून ठेवतो.

खजिनदार (रविवार, संध्याकाळी ५:४०)

मी उलट बाजूने पैज लावतो. हरणाऱ्याने गडावर दही द्यायचं, मडक्यातलं.

मुलुंडची_मैना (रविवार, संध्याकाळी ६:०५)

८० चा स्टेम लावला. मान ठीक, पण हात अजून लांबच पडतात. विकायला काढतेय. ५२ ची फ्रेम, ३ हजार किलोमीटर, दिवाणखान्यात टॉवेल कधीच वाळवलेला नाही.

पेडलपंत (रविवार, संध्याकाळी ६:२०)

बरं, आखूड पिंजऱ्याचा क्लॅरिस डिरेलर माझ्याकडे उरलाय. चालू आहे, फक्त खरचटलेला. कोणाला हवा असेल तर फुकट. वडगावला येऊन घेऊन जा.

काका_बुधवारातले (रविवार, संध्याकाळी ६:४५)

मला हवा. माझ्या सायकलला गिअर नाहीत, पण टेबलावर कागद उडतात.

साधा_सायकलवाला (रविवार, संध्याकाळी ६:४७)

काका, चष्मा सापडला वाटतं. मग ती पहिली व्यक्ती?